सभागृहाची किल्ली

संध्याकाळची प्रार्थना आटोपून आवारातून एक फेरी मारावी, म्हणजे आमच्या अनेक धर्मग्रामांत एकच दृश्य दिसते. एका बाजूला शाळेची इमारत, दुसऱ्या बाजूला धर्मग्रामाचे सभागृह, दोहोंनाही कुलूप. फाटकापलीकडे वाण्याच्या दुकानाच्या ओट्यावर, दुकानातल्या उजेडात, चाळीतली चारदोन मुले मांडीवर वही घेऊन बसलेली. आमचा आक्षेप त्या कुलपावर आहे. आणि एक किल्ली आमच्याही खिशात असल्यामुळे तो प्रथम आमच्यावरच आहे.

शाळा सुटते, पण शाळेचे काम सुटत नाही. पाढे, शुद्धलेखन, प्रकल्पाची चित्रे घरी करून घ्यावीत, अशी सूचना डायरीत येते. हे घर कोणते? ज्या घरात आई शिकलेली आहे, मेज आहे, दिवा आहे, तासभर शांतता आहे, ते. चार घरची धुणीभांडी उरकून रात्री आठला परतणारी आई आणि दहा बाय दहाची खोली सूचना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नसते. प्रत्येक शाळेने आपल्या पाठीशी अशी एक अदृश्य शाळा गृहीत धरलेली आहे. ऐपत असणारे ती क्लासची फी भरून विकत घेतात. ज्याला ऐपत नाही, त्याच्या मुलाला आपण निकालाच्या दिवशी ‘अभ्यासात कच्चा’ म्हणतो. कच्चे मूल नाही. आपला हिशेब कच्चा आहे. म्हणून संध्याकाळचा मोफत वर्ग ही भिक्षा नव्हे. ज्याचे त्याला परत करणे, एवढाच त्याचा अर्थ.

याबाबतीत आमचे हात स्वच्छ नाहीत. काही वर्षांपूर्वी दोन निवृत्त शिक्षकांनी आमच्या सभागृहात असा वर्ग सुरू केला. आठवड्यातून चार संध्याकाळी तीसेक मुले येत. लवकरच कुरबुर सुरू झाली: भिंती मळतात, वीजबिल वाढते, आणि ‘यांत आपली मुले किती?’ पुढे लग्नसराई आली. लग्नाचे भाडे मिळत होते. वर्गाचे काय मिळत होते? आम्ही वर्ग ‘तात्पुरता’ व्हरांड्यात हलवला. तिथे डास, वारा, लग्नाचा बँड. पावसाळ्यापर्यंत वर्ग संपला. तो कोणी बंद केला नाही. आम्ही फक्त हलवला. सातवीतली एक मुलगी अपूर्णांकांच्या बेरजेत छेद समान करण्यापर्यंत आली होती. पुढचे तिला कोणी शिकवले, आम्हांला ठाऊक नाही.

‘फुकटाची किंमत नसते,’ असे सुज्ञ मंडळी सांगतात. त्यांना एवढेच विचारावे, की आपला बाप्तिस्मा आपण कितीला घेतला? ‘हे काम शाळेचे आणि सरकारचे,’ असेही म्हटले जाते. खरे आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यात खाजगी शाळांना दुर्बल घटकांसाठी पंचवीस टक्के जागांची तरतूद होती. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले, तेव्हा आपण सुटकेचा निःश्वास टाकला. न्यायालयाने आपल्याला कायद्यातून मोकळे केले. शुभवर्तमानातून मोकळे करण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयाला नाही. राहिला प्रश्न ‘आपल्या’ मुलांचा. वाटेवर पडलेल्या माणसाची जात विचारून मग थांबणारा शोमरोनी कोणी ऐकला आहे काय?

संत योसेफ कालासान्झ यांनी १५९७ मध्ये रोमच्या त्रास्तेवेरे वस्तीत गरीब मुलांसाठी मोफत शाळा काढली, ती सांता दोरोतेया चर्चच्या सॅक्रिस्टीलगतच्या खोल्यांत. पोप पायस बारावे यांनी १९४८ मध्ये त्यांना ख्रिस्ती लोकशाळांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. त्यांचा सण आपण पाळतो. त्यांच्या खोल्यांचा धडा मात्र घेत नाही. आणि महाराष्ट्रात राहून आपण हेही विसरावे काय, की पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी दिवसभर राबणाऱ्यांसाठी १८५५ मध्ये रात्रीची शाळा चालवली?

काही धर्मग्रामांत असे वर्ग आहेत, हे आम्ही जाणतो. पण तिथेही सावध असावे. महिन्याला नवा चेहरा, प्रमाणपत्रापुरते येणारे तरुण, वर्षातून एकदा वह्यावाटप आणि देणगीदाराशेजारी उभे केलेले ओशाळे मूल: ही शिकवणी नव्हे, मेजावरून खाली पडलेला चुरा आहे. गरिबाच्या मुलाला उरलेली खोली, उरलेला शिक्षक आणि उरलेला वेळ का? वर्ग चांगल्या खोलीत भरावा. वेळ ठरलेली असावी. शिकवणारा तोच असावा. धर्म विचारू नये, छायाचित्र काढू नये. निवृत्त शिक्षक आपणहून आले तर आनंदच. न आल्यास सभागृहाच्या भाड्यातून एका शिक्षकाचे मानधन द्यावे. लग्नाच्या पैशाचा याहून मंगल उपयोग आम्हांला सुचत नाही.

श्रीमंत माणूस आणि लाजरस यांच्या दाखल्यात श्रीमंताने लाजरसाला मारले, लुबाडले असे कुठेही नाही. लाजरस त्याच्या दाराशी होता आणि दार उघडले नाही, एवढाच त्याचा गुन्हा. त्यावर प्रवचन आम्ही अनेकदा दिले आहे. दर वेळी त्या दाराची किल्ली खिशातच होती.

येत्या जूनमध्ये शाळा सुरू होतील, त्या आठवड्यापासून आमच्या सभागृहात वर्ग पुन्हा भरेल. लग्नाच्या तारखा यापुढे वर्गाच्या वेळा पाहून दिल्या जातील. कोणाची तक्रार असल्यास त्यांनी अवश्य यावे. संध्याकाळी आम्ही सभागृहात, मुलांमध्ये भेटू.