मोठा पडदा घेण्यापूर्वी

सावेडीतील व्यापारी घराला वापरलेला ५० इंची प्लाझ्मा टीव्ही स्वस्तात मिळत असेल, तर भावाआधी पडदा पारखावा. प्लाझ्माच्या सूक्ष्म कप्प्यांतील वायू विजेने चेतून अतिनील किरण सोडतो, त्याने फॉस्फर उजळतो. म्हणून अंधाऱ्या खोलीत काळा रंग गडद दिसतो. मात्र दिवसभर शेअर बाजाराची वाहिनी चालली असेल, तर भावपट्टीच्या चौकटीचा ठसा पडद्यावर कायमचा उमटू शकतो. पूर्ण पांढरे चित्र लावले की तो उघडा पडतो. पॅनासॉनिकने हे उत्पादन २०१३ मध्ये, तर सॅमसंग व एलजीने २०१४ मध्ये थांबवले. त्यामुळे दुरुस्तीला सुटे भाग सहज मिळत नाहीत. दुकानातला माल उजेडात पारखणाऱ्याने घरचा टीव्हीही त्याच नजरेने पाहावा.