पहिलें पान म्हणजे प्रमाण नव्हे



आखाडा बाळापूरच्या परिसरांत हळदीचा हंगाम आला म्हणजे शिवारोशिवारीं चुली पेटतात. हळद शिजविण्यास सरपण लागतें, वाळविण्यास ऊन लागतें आणि पुढील पिकास पाणी देण्यास वीज लागते. ह्या कामीं सूर्याची अथवा गोबरगॅसाची शक्ति कशी उपयोगांत आणावी, हें वडिलांनीं विचारावें आणि मुलानें फोनवर शोधून सांगावें, असा क्रम आतां पुष्कळ घरीं पडला आहे. क्रम चांगला आहे. परंतु यंत्रानें जें पहिलें दाखविलें तेंच उत्तम, ही समजूत मात्र घातक होय, असें आमचें स्पष्ट मत आहे.

शोधयंत्र हा गुरु नव्हे. एखाद्या पानाचा हवाला इतर किती पानें देतात, ही त्याची क्रम लावण्याची एक मोठी खूण आहे. म्हणजे तें प्रसिद्धि मोजतें, सत्य मोजीत नाहीं. शिवाय पैसे भरून लावलेल्या जाहिराती बहुधा अग्रभागीं असतात. गूगलचे जनक लॅरी पेज व सर्गेई ब्रिन ह्यांनींच १९९८ सालच्या आपल्या निबंधांत, जाहिरातींवर पोसलेलें शोधयंत्र जाहिरातदारांकडे झुकणारच, असा इशारा दिला होता.

एक उदाहरण घ्या. गोबरगॅसाचें पहिलें सयंत्र मुंबईच्या कुष्ठाश्रमांत १८५९ सालीं उभारलें, असें अनेक पानें सांगतात. दुसरीं कांहीं माटुंग्याच्या आश्रमाचें नांव घेऊन १८९७ हें साल देतात. माटुंग्याचा आश्रम उघडला १८९० मध्यें. तेव्हां १८५९ चें सयंत्र तेथें असणें शक्यच नाहीं. एकानें लिहिलें, दहांनीं उतरून घेतलें आणि यंत्रानें दहा साक्षी मोजल्या!

सालाच्या चुकीनें फारसें बिघडत नाहीं. पैशाच्या चुकीनें घर बसतें. पंतप्रधान कुसुम योजना २०१९ मध्यें सुरू झाली. तिच्या नांवानें बनावट संकेतस्थळें उघडून सौर पंपाच्या नोंदणीसाठीं पैसे उकळले जातात, असा इशारा केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा खात्यास वारंवार द्यावा लागला आहे.

ह्यावर उपाय अवघड नाहीं. जेथें 'प्रायोजित' असें लिहिलेलें असेल तें पान जाहिरात समजून वाचावें. 'सौर पंप' एवढेंच न विचारतां त्याचे तोटे, बिघाड व दुरुस्तीचा खर्चहि विचारावा. मराठींत शोधावें, इंग्रजींत शोधावें, आणि दुसऱ्या शोधयंत्रासहि तोच प्रश्न घालावा. पुण्याच्या 'आरती' संस्थेंत डॉ. आनंद कर्वे ह्यांनीं स्वयंपाकघरांतील उष्ट्याखरकट्यावर चालणारें लहान गॅस-सयंत्र सिद्ध केलें व त्यास २००६ सालीं लंडनचें ॲश्डेन पारितोषिक मिळालें. असें काम केवळ विक्रेत्यांचीं पानें चाळून हातीं लागत नाहीं. प्रत्येक पानाविषयीं तीन प्रश्न करावे: लिहिणारा कोण? केव्हां लिहिलें? आणि तो काय विकतो? सरकारी पत्त्याच्या शेवटीं 'जीओव्ही डॉट इन' आहे कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून एक पैसाहि भरूं नये. शेवटीं, कळमनुरी तालुक्यांतच तोंडापूर येथें कृषि विज्ञान केंद्र आहे. तेथें जाऊन विचारावें, आणि ज्या शेतकऱ्यानें तें साधन बसविलें असेल त्याच्या बांधावर उभें राहून तें चालतांना पाहावें.

इतकी यातायात कोणी करावी, असें कोणी म्हणेल. त्यांस आमचें उत्तर एवढेंच: बैल घेतांना आपण त्याचे दांत पाहतों, त्यास चालवून पाहतों, विकणाराच्या शब्दावर दावें हातीं धरीत नाहीं. मग ज्या यंत्रावर वर्षानुवर्षें शेत भिजावयाचें, तें केवळ पहिल्या पानावर दिसलें म्हणून कां घ्यावें? वडिलांनीं विश्वासानें फोन मुलाच्या हातीं दिला आहे. त्या विश्वासास पात्र होणें, हेंच आजच्या विद्यार्थ्याचें खरें शिक्षण होय.