डॉल्फिन दाखविण्याची हमी कशासाठी?

सुट्टीत कोकणाकडे वळणारा पर्यटक आता केवळ मुंबई-पुण्याचा राहिलेला नाही. हिंगोली जिल्ह्यातील डोंगरकड्यासारख्या, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गावांतील कुटुंबेही रात्रभर प्रवास करून मालवण, तारकर्ली वा मुरुड-हर्णैला पोहोचतात. ज्यांनी समुद्रच प्रथम पाहिला, त्यांना डॉल्फिन पाहण्याची ओढ असणे स्वाभाविक आहे. ही ओढ ओळखूनच ‘डॉल्फिन नक्की दाखवू’ असे आश्वासन दिले जाते. खरी अडचण या हमीतच आहे.

आपल्या किनाऱ्यावर प्रामुख्याने दिसतो तो कुबड असलेला डॉल्फिन. स्थानिक मच्छीमार त्याला ‘गादा’ म्हणतात. तो खोल समुद्रात न राहता खाड्यांच्या मुखाशी, उथळ पाण्यात वावरतो. त्यामुळे तो पर्यटकांना सहज दिसतो आणि त्याच कारणाने मासेमारीची जाळी, सांडपाणी व नौकांची वर्दळ यांच्या तडाख्यातही सापडतो. जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेने त्याची गणना संकटग्रस्त प्रजातींत केली आहे.

डॉल्फिनला श्वासासाठी पृष्ठभागावर यावेच लागते. तो दिसताच चार-पाच नौका एकदम त्या दिशेने धावल्या, की त्याचा श्वास, विश्रांती व पिलाला पाजणे या साऱ्यांत व्यत्यय येतो. भक्ष्य शोधणे आणि परस्परांशी संपर्क ठेवणे तो आवाजावर करतो. इंजिनांच्या गोंगाटात तेही अवघड होते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील शार्क बे येथे पर्यटक नौका वाढल्यावर तेथील डॉल्फिनची संख्या घटल्याचे संशोधन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर तेथील सरकारने संबंधित भागातील परवाने दोनवरून एकवर आणले.

आपल्याकडे कायद्याची उणीव नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत डॉल्फिनला स्थान आहे. डॉल्फिनला कोंडून त्याचे खेळ दाखविण्यास केंद्राने २०१३ मध्ये मनाई केली. ‘प्रोजेक्ट डॉल्फिन’ची घोषणा २०२० मध्ये झाली. मात्र तलावात कोंडून खेळ करविणे निषिद्ध मानायचे आणि खुल्या समुद्रात घेरून पाठलाग करण्याकडे काणाडोळा करायचा, ही विसंगती आहे.

प्रश्न माणसांच्या सुरक्षेचाही आहे. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची नौका उलटून दोघांचा मृत्यू झाला. ती नौका डॉल्फिनसाठी गेलेली नव्हती, तरी क्षमता, जीवरक्षक जाकिटे आणि हवामान यांबाबतची शिस्त प्रत्येक फेरीला लागू हवी, हा त्या दुर्घटनेचा धडा आहे.

यावर सरसकट बंदी हा उपाय नव्हे. मासळी घटत असताना पर्यटनाने अनेक मच्छीमार कुटुंबांना आधार दिला आहे. समुद्राची नस त्यांनाच ठाऊक आहे, म्हणून नियम त्यांना विश्वासात घेऊनच व्हावेत. न्यूझीलंडमध्ये सागरी सस्तन प्राण्यांपासून ३०० मीटरच्या आत एका वेळी तीनपेक्षा अधिक नौकांना मज्जाव आहे. वेग मंद ठेवावा लागतो व कळपाच्या मधून नौका नेता येत नाही. असे मोजके नियम, नौकाचालकांना प्रशिक्षण आणि परवान्याशी जोडलेली जबाबदारी, एवढे येथेही अशक्य नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भाडे समुद्रफेरीचे असावे, डॉल्फिनच्या दर्शनाचे नव्हे. ‘दिसला नाही, तर पैसे परत’ अशी मागणी होत राहील, तोवर नौकाचालकाला पाठलागावाचून गत्यंतर नाही. म्हणजे या व्यवहाराची सूत्रे बऱ्याच अंशी पर्यटकाच्याच हाती आहेत. त्याने संयम दाखविला, तर गादा किनाऱ्यालगत राहील आणि नौकाचालकाचा हंगामही टिकेल. उतावीळपणा केला, तर पुढच्या पिढीला कोकणात केवळ लाटा मोजाव्या लागतील.