महानगराची वेस

मुंबई म्हटली की बाहेरच्या माणसाला मरीन ड्राइव्ह आणि मलबार हिल आठवते. प्रत्यक्षात मुंबईचा माणूस राहतो तो उपनगरात. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३१ लाख होती, तर उपनगर जिल्ह्याची सुमारे ९४ लाख. म्हणजे चारांपैकी तीन मुंबईकर माहीमच्या खाडीपलीकडे राहतात.

ही भूमी मुळात कोळ्यांची, वारल्यांची आणि शेतकऱ्यांची. १९५० आणि १९५७ साली ती महापालिकेच्या हद्दीत आली. पुढे १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातला भूमिहीन दलित इथे आणून टाकला. खेडे सोडा, तिथला जातीचा पिंजरा तोडा, असे बाबासाहेबांनी सांगितले होते. आपल्या माणसाने खेडे सोडले. पण महानगराने त्याला कुठे जागा दिली?

खेड्यात महारवाडा कुठे असायचा? वेशीबाहेर, वाऱ्याच्या आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला. आता मुंबईचा नकाशा समोर ठेवा. समुद्राचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. पश्चिमेला जुहू, पाली हिल. पूर्वेला गोवंडी, मानखुर्द, देवनार. देवनारचे डम्पिंग ग्राउंड १९२७ पासूनचे. कत्तलखाना तिथेच. शेजारच्या माहुलला तेलशुद्धीकरण कारखाने. आणि शहराला नकोसा झालेला माणूसही तिथेच! २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सर्व २४ प्रभागांत या एम-पूर्व प्रभागाचा क्रमांक शेवटचा होता. हा योगायोग म्हणायचा काय?

योगायोग नव्हे, हे धोरण आहे. शहरातून हुसकावलेल्यांना ट्रॉम्बेच्या जनता कॉलनीत बसवले. १९७६ साली आणीबाणीत तीही वस्ती अणुसंशोधन केंद्रासाठी उठवली आणि हजारो माणसे चीता कॅम्पच्या दलदलीत नेऊन टाकली. पुढे तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या तोडून त्या कुटुंबांना माहुलच्या विषारी हवेत पाठवले. अखेर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावे लागले की, या माणसांना दुसरीकडे घर द्या, नाहीतर दरमहा १५ हजार रुपये भाडे द्या. आणि घाटकोपरचे रमाबाई नगर? ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा जाब विचारणाऱ्या आपल्या १० माणसांना तिथे गोळ्या घातल्या गेल्या. उपनगरातल्या दलिताच्या जिवाची किंमत सरकारने त्या दिवशी दाखवून दिली.

काही विद्वान म्हणतात, शहरात जात उरली नाही, उरली ती गरिबी. या विद्वानांनी एकदा गोवंडीच्या गल्लीत यावे. तिथे मुसलमान आहेत, उत्तर भारतीय आहेत, तमिळ दलित आहेत, बौद्ध आहेत. गावाने वेशीबाहेर ठेवलेला आणि शहराने वेशीबाहेर ढकललेला असे दोघे तिथे एका भिंतीला भिंत लावून राहतात. दोघांची मुले तोच धूर श्वासात घेतात. या दोघांत भांडण लावणारे कोण आणि त्यांचा फायदा काय, हे समाजाने ओळखले पाहिजे.

हा प्रश्न जुना झालेला नाही. २०२४ मध्ये राज्य सरकारने धारावीच्या पुनर्वसनासाठी देवनारच्या याच डम्पिंग ग्राउंडची सुमारे १२४ एकर जमीन देण्याचा निर्णय घेतला. मोक्याची जमीन विकासकाला आणि कचऱ्याची जमीन कष्टकऱ्याला! धारावी चामड्याच्या कामगारांनी, कुंभारांनी, सफाई कामगारांनी उभी केली. त्यांना धारावीतच घर मिळाले पाहिजे.

म्हणून मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो आपला का असेना, तीन प्रश्न विचारा. कचऱ्याचा डोंगर कधी हटणार? आमच्या प्रभागाला दवाखाने आणि शाळा किती? पुनर्वसन राहत्या जागी की वेशीबाहेर? जयंतीचा मंडप आपण मोठा घालतोच. त्याच मंडपात हे तीन प्रश्न लिहून लावा. बाबासाहेबांनी आपल्याला गावची वेस ओलांडायला शिकवले. महानगराची वेस आपल्यालाच मोडायची आहे.