बंदुकीची दारू गॅरेजमध्ये नको, घरात हवी

१ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक जिंकलं आणि अमेरिकेत फिनिक्समधल्या आपल्या मंडळींतही नेमबाजीचा विषय निघू लागला. स्वप्नील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबतही कोल्हापूरच्याच. माझ्यासारख्या कुरुंदवाडकराला याचा अभिमान वाटणारच. आता आपल्यातले काहीजण रेंजवर जाऊ लागले आहेत आणि त्यातल्या थोड्यांनी काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घरीच भरायला घेतल्या आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. बंदूक बाळगावी की नाही, हा वाद मी इथे उकरून काढत नाही.

स्वप्नीलची रायफल .२२ ची. तिच्या काडतुसात प्रायमरचा, म्हणजे दारू पेटवणारा मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो, त्यामुळे ते घरी पुन्हा भरता येत नाही. लांब पल्ल्याच्या सेंटरफायर रायफलीचं तसं नाही, तिच्या काडतुसाचा प्रायमर बुडाच्या मध्यभागी वेगळा बसवलेला असतो. तिचं काडतूस महाग आणि पितळी पुंगळी अनेकदा वापरता येण्यासारखी. मग पुंगळ्या भरण्याचा प्रेस येतो, त्यांना आकार देणाऱ्या डाय येतात, वजनकाटा येतो, दारूचे डबे येतात. घरातून हुकूम सुटतो, ‘ते सगळं गॅरेजमध्ये!’ प्रेसपुरता हा हुकूम ठीक आहे. दारू आणि प्रायमरच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे.

हुकुमामागची समजूत मात्र मी ओळखतो. कृष्णा-पंचगंगेच्या काठी वाढलेल्या माणसाला ओल हाच शत्रू. दिवाळीचे सर्दावलेले फटाके आपण सगळ्यांनीच उन्हात वाळवले आहेत. तिकडे कवठेएकंदला दसऱ्याच्या रात्री जी आतषबाजी होते, तीही मुळात जुन्या काळ्या दारूचीच विद्या. सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या त्या मिश्रणाला भीती ठिणगीची आणि ओलीची. नुसत्या उष्णतेने ते वर्षानुवर्षं बिघडत नाही. म्हणून ‘दारू कोरडी ठेवा, उबेत ठेवा, राहत्या घरापासून लांब ठेवा’ हे शहाणपण त्या दारूसाठी बरोबरच होतं.

पण आज डब्यात येते ती दारू वेगळी. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएल यांनी धूररहित दारू तयार केली, तिचा पाया नायट्रोसेल्युलोज. हा पदार्थ स्वतःहूनच फार सावकाश विघटित होत असतो. त्यातून नायट्रोजनची आम्लधर्मी ऑक्साइडं सुटतात आणि तीच पुढच्या विघटनाला वेग देतात. ती शोषून घेण्यासाठी दारूत डायफिनिलअमाइनसारखा स्थिरक मिसळतात. स्थिरक संपला की संरक्षण संपलं, आणि तापमान वाढेल तसा तो काही पटींनी लवकर संपतो. फ्रेंच नौदलाने याची जबर किंमत मोजली. १९०७ मध्ये ‘इएना’ आणि १९११ मध्ये ‘लिबर्ते’ या युद्धनौका तुलाँ बंदरातच स्फोटांनी उद्ध्वस्त झाल्या आणि ठपका बिघडलेल्या दारूवर आला.

आपल्या गॅरेजमधला डबा एका उन्हाळ्यात पेट घेईल, असं मी म्हणत नाही. आजची दारू त्या काळच्यापेक्षा कितीतरी स्थिर आहे. पण २०२३ मध्ये फिनिक्सला ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ सेल्सिअस किंवा त्यावर गेला. पश्चिमेला दार असलेलं बंद गॅरेज याहून तापतं. अशा चार-पाच उन्हाळ्यांत डब्यातला माल किती म्हातारा झाला, हे बाहेरून कळत नाही. झाकण उघडल्यावर झोंबणारा आंबूस वास आला, तांबूस वाफ किंवा गंजासारखी भुकटी दिसली, तर ती दारू वापरायची नाही. कचऱ्यातही टाकायची नाही. अग्निशमन दलाला विचारायचं.

दुसरा धोका काडतुसातल्या दाबाचा. दारू जितकी तापलेली, तितका बहुतेक प्रकारांत दाब जास्त. जानेवारीच्या गारव्यात इथल्या बेन एव्हरी रेंजवर कमाल मर्यादेला टेकवून ठरवलेलं दारूचं माप जुलैच्या उन्हात मर्यादा ओलांडू शकतं.

‘पण लेकरंबाळं असलेल्या घरात स्फोटकं?’ हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे. इथल्या अग्निसुरक्षेच्या ४९५ क्रमांकाच्या राष्ट्रीय नियमावलीनुसार राहत्या घरात २० पौंडांपर्यंत धूररहित दारू मूळ डब्यांत आणि १०,००० पर्यंत प्रायमर ठेवता येतात. शहराचे नियम वेगळे असू शकतात, ते पाहून घ्यावेत. मूळ डबा आगीत लवकर फाटावा असाच बनवलेला असतो. दारू मोकळी असली तर भडकून जळते. कोंडली गेली तरच स्फोट होतो. म्हणून ती घट्ट बंद लोखंडी तिजोरीत ठेवू नये. घराच्या आतल्या भागातलं, कुलूप लावलेलं लाकडी कपाट चांगलं. प्रायमर वेगळ्या जागी, त्यांच्याच खोक्यांत. ते बरणीत ओतून ठेवले तर एकाबरोबर सगळे उडू शकतात. आणि गॅरेज तरी कुठे निर्धोक आहे? गॅसच्या वॉटर हीटरची ज्योत, पेट्रोलचा कॅन, थिनर आणि गाडी, सगळं तिथेच असतं. मुलांच्या सायकलीही तिथेच.

कोणी म्हणेल, गॅरेजला एसी लावू. जरूर लावा, पण स्वतःसाठी. दारूसाठी लावायचा तर तो आठवडाभर गावाला गेलात तरी चालू ठेवावा लागेल. फ्रीजही नको, गार डबा गरम हवेत उघडला की आत दव धरतं.

भट्टीसारख्या गॅरेजमध्ये सगळ्यात आधी बिघडतं ते माणसाचं लक्ष. एका पुंगळीत दारू घालायची राहिली तर गोळी नळीतच अडकते आणि मागून दुसरी झाडली की नळी फुटू शकते. एकीत दुप्पट पडली तर रायफलच हातात फुटू शकते. घामेजल्या बोटांनी प्रायमर खराब होतात. पंख्याच्या वाऱ्याने काटा हलतो. म्हणून काम पहाटे करावं, बाकावर एका वेळी एकाच दारूचा एकच डबा असावा आणि काम संपताच तो आत न्यावा. प्रायमरमधलं शिसं बोटांवर येतं. स्वयंपाकघरात शिरण्याआधी साबणाने हात धुवावेत.

आणि हा छंद गावी नेऊ नये. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. रेंजवर नेलेली पिशवी प्रवासाला वापरू नका. तळाशी राहिलेलं एखादं काडतूसही विमानतळावर गुन्हा दाखल व्हायला पुरतं.

घरच्यांनी आतलं एक कपाट द्यायचं नाकारलं, तर त्यांची समजूत घालावी. तरीही नाही म्हणाले, तर काडतुसं गरजेपुरती दुकानातून विकत आणावीत. पैसे जास्त जातील इतकंच. ‘घरात नको, पण गॅरेजमध्ये चालेल’ हा मधला मार्ग सगळ्यांना पटतो आणि तोच सगळ्यात वाईट आहे.