हाफिजजी, सूरदास आणि उन्हाळी शिबिर

मे महिना लागला की अंध मुलांच्या उन्हाळी शिबिरांचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. एकसारख्या टोप्या घातलेली मुले, मागे देणगीदारांच्या नावांचा बॅनर, मधोमध शाल पांघरलेले पाहुणे. मुलांना तो फोटो दिसणार नाही, तेव्हा तो कोणासाठी काढला हे उघड आहे. अशा शिबिरांत मी काही वर्षे उर्दू आणि मराठी शिकवायला जाते आहे, आणि माझे म्हणणे स्पष्ट आहे : यातली बहुतेक शिबिरे मुलांची सुट्टी फुकट घालवतात.

लोक चांगल्या मनाने येतात, हे मान्य. पण वेळापत्रक बघा. प्रार्थना, गाणी, नाश्ता, पाहुण्यांचे भाषण, अंताक्षरी, जेवण, एक दिवस बागेत सहल, शेवटी प्रमाणपत्र. तेही छापील! ज्याच्या हातात देतात त्यालाच ते वाचता येत नाही. निदान नाव तरी ब्रेलमध्ये उमटवू, असे मी एकदा आयोजकांना म्हटले. "मॅडम, पाहुणे आलेत, आता कुठे ते," असे उत्तर मिळाले.

दोष एकट्या आयोजकांचा नाही. आंधळ्या माणसाने काय करावे हे आपण सगळ्यांनी फार पूर्वीच ठरवून टाकले आहे. आपल्या मोहल्ल्यात त्याला हाफिजजी म्हणतात, मग त्याला कुरआन पाठ असो वा नसो. हिंदू शेजाऱ्यांकडे तोच सूरदास होतो. हाक आदराची आहे, पण तिच्यात हुकूमही आहे. तू पाठ कर, तू गा, वाचायचे काम आमच्याकडे. अलीकडे सरकारी कागदांवर दिव्यांग हा शब्द आला. मुलाच्या दप्तरात स्लेट आली का, ते कोणी विचारले नाही.

हिफ्जला माझा विरोध असण्याचे कारणच नाही. पण पाठांतराला साक्षरता समजण्याची चूक आपण करतो, आणि ती मुलांना महागात पडते. एका शिबिरात सातवीची एक मुलगी होती. सूरा यासीन अशी म्हणायची की ऐकणारा जागचा हलत नसे. सगळे माशाअल्लाह म्हणत आणि पुढच्या मुलाकडे वळत. मी तिला जमीन, जिक्र, जरूर आणि जुल्म कसे लिहायचे ते विचारले. उर्दू वाचणाऱ्याला ठाऊक आहे की या चारही शब्दांचे पहिले अक्षर वेगळे आहे : जे, जाल, ज्वाद आणि जोय. आपल्या उच्चारात मात्र चौघांचा आवाज एकच. तिने चारही शब्द जे ने सुरू केले. दुसरे ती सांगणार तरी काय? मराठीतही तेच. दिन आणि दीन कानाला सारखेच लागतात. (आपल्या घरांत दीनचा तिसराच अर्थ निघतो, ते वेगळे.) ज्या मुलाच्या बोटाखाली अक्षर कधी आलेच नाही, त्याला ऱ्हस्व-दीर्घ कळणार कुठून? परीक्षेत लेखनिक मिळतो, तासाला किमान २० मिनिटे जादा मिळतात. हे हक्क आहेत आणि ते घ्यावेतच. पण लिहिलेले स्वतः तपासता येत नसेल, तर ते मूल दुसऱ्याच्या शुद्धलेखनावर पास किंवा नापास होते.

आता मोबाइल बोलतो, ब्रेल हवे कशाला, असे मला सुशिक्षित लोकच विचारतात. मोबाइल शिकवाच, टॉकबॅक शिकवा, नोटा ओळखणारे रिझर्व्ह बँकेचे मनी ॲप शिकवा. पण हेच लोक आपल्या डोळस मुलाला रेडिओ देऊन शाळा सोडायला लावतील का? ऐकणे त्याच्यासाठी पुरेसे नसेल, तर हिच्यासाठी कसे?

ब्रेल अवघड आहे, ही आणखी एक अफवा. सहा ठिपक्यांचा खेळ आहे. लुई ब्रेल या आंधळ्या मुलाने ही लिपी वयाच्या पंधराव्या वर्षी तयार केली आणि १८२९ मध्ये ती छापून प्रसिद्ध झाली. आपल्याकडे १९५१ पासून भारती ब्रेल आहे. तिच्यात मराठीचा क म्हणजे पहिला आणि तिसरा ठिपका; उर्दूचा काफही तोच. छापील उर्दू उजवीकडून वाचतात, पण ब्रेलमधली उर्दू मराठीसारखी डावीकडून. स्लेटवर टोचताना मात्र उजवीकडून सुरुवात करायची आणि कागद उलटून वाचायचे. इतर शिक्षकांना हे उलटे वाटते. मी उर्दूवाली असल्याने मला ते घरचेच वाटले.

आपल्या लोकांशी बोलताना मी सूरा अबसाची आठवण देते. प्रेषित (स.) कुरैशच्या सरदारांशी बोलत असताना हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम (रजि.) तिथे आले. ते आंधळे होते. त्यांनी खैरात मागितली नव्हती, शिकवा म्हणून मागणी केली होती. त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले म्हणून आयती उतरल्या. पुढे ते मदीनेत अजान देत, आणि प्रेषित (स.) बाहेर असताना अनेकदा शहराची जबाबदारी त्यांच्यावर असे. इजिप्तचे ताहा हुसेन लहानपणी मकतबमध्ये कुरआन पाठ करून तिथेच थांबले असते, तर १९५० मध्ये देशाचे शिक्षणमंत्री झाले नसते. आणि आपण मात्र शिबिरात केळी वाटून सवाब मोजतो.

मला हवे ते शिबिर असे. सकाळचे दोन तास ब्रेल, रोज, सुट्टी नाही. मग पांढरी काठी घेऊन गल्ली, रस्ता, एसटी स्टँड. मदत करणाऱ्याने मुलाला दंड धरून ओढायचे नाही. मुलाने त्याचे कोपर धरायचे आणि अर्धे पाऊल मागून चालायचे. स्वयंसेवकांना हे पहिल्या दिवशी शिकवावे लागते, कारण ते सगळे ओढतात. जेवताना ताट घड्याळासारखे : भाजी तीनला, भात सहाला, मग भरवायला कोणी लागत नाही. चहा स्वतः गाळायचा. सांडला तर पुसायचा. गाणी संध्याकाळी म्हणा, खुशाल म्हणा.

यात मुलींचा प्रश्न सर्वांत कठीण आहे. मुलगे निदान मशिदीपर्यंत जातात. एका आईने मुलीची काठी मला परत आणून दिली. "बाजी, काठी हातात दिसली की साऱ्या मोहल्ल्याला कळेल. उद्या रिश्ता कोण आणील?" मी तिला विचारले की रिश्ता आला तर त्यांना सांगणार नाही का? ती गप्प बसली. मुलगी शिबिराला आली, काठी न घेता, भावाचा हात धरून. तो दहा वर्षांचा आहे. २०१६ च्या कायद्याने तिला अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, पण घराच्या दारापासून शाळेच्या दारापर्यंत कायदा तिला नेत नाही.

पैशाचे रडगाणे मी ऐकणार नाही. पाहुण्यांच्या शाली आणि बॅनर वगळले तर मुलांच्या स्लेट आणि स्टायलस येतात. जाड कागद लागतो, जुन्या कॅलेंडरची पाने चालतात. जकात गरजूच्या मालकीची झाली पाहिजे, असे आपले उलमा सांगतात. मग गरीब घरच्या मुलाच्या हातात दिलेली स्लेट आणि काठी त्याच्या मालकीची नाही तर कोणाची? रमजानमध्ये त्याला तिसरा कुर्ता देण्याआधी घरच्यांना विचारा की ब्रेल कोण शिकवते. कोणीच शिकवत नसेल, तर कुर्त्याचे पैसे कुठे लावायचे ते ठरवा, आणि मे महिन्यापर्यंत थांबू नका.