मुलीच्या कानातलं मशीन केसांखाली कशाला लपवायचं?



कायझर्सलाउटर्नला राहायला आलं की एक शब्द लवकरच कानावर पडतो: ‘फ्रिट्झ-वाल्टर-वेट्टर’. म्हणजे फ्रिट्झ वाल्टरचं हवामान, अर्थात पाऊस. फ्रिट्झ वाल्टर याच गावचा. 1954 साली बर्नमध्ये हंगेरीला 3-2 असं हरवून वर्ल्ड कप जिंकणाऱ्या जर्मन टीमचा कॅप्टन. युद्धात सैनिक असताना त्याला मलेरिया झाला होता आणि त्यानंतर उन्हात खेळणं त्याला जड जायचं. पावसात मात्र गडी खुलायचा. फायनलच्या दिवशीही पाऊस होता. बेट्झेनबेर्गवरच्या स्टेडियमला त्याचं नाव आहे, पण मला त्याहून जास्त कौतुक या शब्दाचं वाटतं. आपल्या लाडक्या कॅप्टनचं दुखणं या गावाने झाकून ठेवलं नाही, चक्क पावसाला त्याचं नाव दिलं.

आता आपल्याकडे बघू. मुलाचं ऑटिझमचं निदान झालं, की पहिलं वाक्य काय असतं? ‘इंडियात कोणाला सांगू नका.’ व्हिडिओ कॉलच्या आधी हिअरिंग एड काढून ठेवायचं किंवा केस पुढे घ्यायचे. कीटातल्या बाई म्हणाल्या की एकदा तपासून घ्या, तर ‘घरात तीन भाषा आहेत ना, म्हणून बोलायला उशीर होतोय’ असं सांगून मोकळं व्हायचं. तपासल्याशिवाय कसं कळणार?

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. जर्मनीत 2009 पासून प्रत्येक नवजात बाळाला श्रवण तपासणीचा हक्क आहे, त्यामुळे आम्हाला लवकर कळलं. आम्ही मूळचे नगरचे, तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. ग्रुपमध्ये सगळे ख्रिस्ती नाहीत हे मला माहीत आहे. पण जे लिहितेय ते माझ्या श्रद्धेतूनच आलंय, म्हणून तसंच लिहिते.

निदानानंतर नातेवाइकांचे फोन आले. कोणी विचारलं, ग्रहण पाळलं नव्हतंस का? कोणी म्हणालं, गेल्या जन्माचं काहीतरी असणार. आणि आमच्या चर्चमधल्या एक मावशी म्हणाल्या, ‘प्रार्थनेत कमी पडलात गं तुम्ही.’ धर्म वेगवेगळे, प्रश्न एकच: चुकलं कोणाचं?

हा प्रश्न फार जुना आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायात येशूचे शिष्य जन्मांध माणसाकडे बघून अगदी हेच विचारतात: पाप याचं की याच्या आईबापाचं? येशूचं उत्तर सरळ आहे. याचंही नाही, आईबापाचंही नाही. माझ्यासारख्या आईला हे उत्तर पुरे आहे. दोषी शोधायचं काम एकदा बंद झालं, की हातात वेळ उरतो. आणि लहान मुलाच्या बाबतीत वेळ हीच मोठी गोष्ट असते.

पण त्या गोष्टीत पुढे त्या माणसाला दिसायला लागतं. आमच्या घरी तसं झालेलं नाही. म्हणून मला पौल जास्त जवळचा वाटतो. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या 12व्या अध्यायात तो स्वतःच्या शरीरातल्या काट्याबद्दल लिहितो. काटा नेमका कसला, हे सांगत नाही. तो जावा म्हणून तीनदा विनवणी केली, असं लिहितो. काटा गेला नाही. कृपा पुरेशी आहे आणि सामर्थ्य दुर्बळपणातच पुरं होतं, असं उत्तर मिळालं. मला यात विशेष वाटतं ते हे, की पौलाने ही गोष्ट सगळ्या मंडळीला उघड पत्रात कळवली. न ऐकली गेलेली प्रार्थनासुद्धा त्याने झाकली नाही.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं असेल तर पंडिता रमाबाई घ्या. शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव असतं, पण त्यांना कमी ऐकू यायचं हे किती जणांना माहीत आहे? 1882 साली हंटर कमिशनसमोर त्यांनी हिंदुस्थानातल्या बायकांसाठी स्त्री-डॉक्टर हव्यात, असं सांगितलं. त्याच वर्षी नवरा गेला. 1883 मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन त्या स्वतः डॉक्टर व्हायला इंग्लंडला गेल्या. पण वाढत्या बहिरेपणामुळे ते दार बंद झालं. वय होतं अवघं 25.

त्याच वर्षी 29 सप्टेंबरला वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकल्या, संस्कृत शिकवलं. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलींना घेऊन केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. आणि तिथे अंध मुलींसाठी ‘बार्तमी सदन’ होतं. शुभवर्तमानातल्या आंधळ्या भिकाऱ्याचं नाव. मनोरमाबाईंनी ब्रेल शिकून त्या मुलींना शिकवलं. कमी ऐकू येणारी आई आणि ब्रेल शिकवणारी लेक, हे चित्र मला फार आवडतं. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर केलं, खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून. एप्रिल 1922 मध्ये त्या गेल्या, तोवर काम हातावेगळं झालं होतं. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातून झाली.

बहिरेपणामुळे रमाबाई मोठ्या झाल्या, असं मी म्हणणार नाही. ऐकू येत असतं तर त्या कदाचित उत्तम डॉक्टर झाल्या असत्या, आणि बहिरेपणाचा त्रास त्यांना झालाच असणार. मला एवढंच दिसतं, की जे दार उघडत नव्हतं त्याच्यापुढे त्या बसून राहिल्या नाहीत. आणि ज्यांना जगाने निरुपयोगी ठरवलं होतं, त्यांच्यासाठी त्यांनी जागा केली. दुर्बळपणातलं सामर्थ्य म्हणजे मला हे वाटतं. स्वतःची उणीव मान्य केलेल्या माणसाला दुसऱ्याची उणीव लवकर दिसते आणि तिची लाज वाटत नाही.

एक धोका मात्र सांगायला हवा. अशी उदाहरणं सांगून आपण मुलांवर नवीन ओझं टाकतो. ‘बघ, त्यांनी एवढं केलं, तू पण काहीतरी करून दाखव.’ आपण मार्कांवर वाढलेली माणसं. अपंग मूलसुद्धा आपल्याला टॉपरच हवं असतं! माणसाची किंमत त्याच्या उपयोगावर ठरवली की काय होतं, हे या देशाने बघितलंय. 1940 आणि 1941 मध्ये नाझींनी 70 हजारांहून जास्त अपंग आणि मनोरुग्ण माणसं मारली. त्यातलं एक केंद्र, हाडामार, आपल्या शेजारच्या हेसेन राज्यात आहे. अपंगत्वामुळे कोणाचंही नुकसान होता कामा नये, हे वाक्य जर्मन राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमात आलं ते 1994 साली. म्हणजे इथल्या अपंगांचे हक्क आयते मिळालेले नाहीत. ते वापरायला लाजण्यासारखं काहीच नाही.

म्हणून कामाचं थोडं. श्वेअरबेहिंडर्टनआउसवाइस, म्हणजे अपंगत्वाचं कार्ड, 50 किंवा त्याहून जास्त ग्राड मिळाला की मिळतं. आपल्या राज्यात त्यासाठी अर्ज लांडेसआम्ट फ्यूर सोत्सिआलेस, युगेंट उंट फेरझोर्गुंग या ऑफिसकडे करायचा. अर्ज करणं सक्तीचं नाही, ठरवायचं तुम्ही. शाळेत नाखटाइल्सआउसग्लाइखबद्दल विचारा. परीक्षेत जास्त वेळ, पुढच्या बाकावर जागा, सूचना लेखी मिळणं, असं काही त्यात असू शकतं. ही मार्कांची खिरापत नव्हे. बाकीच्यांसारखंच मुलाला जे येतं ते दाखवता यावं, एवढीच ती सोय. आणि मूल मोठं होत असेल तर कोणाला किती सांगायचं हे त्यालाही विचारा. लपवू नका म्हणजे गावभर सांगत सुटा, असा अर्थ नाही. घरात मात्र कुजबुज नको. आईबाप हळू आवाजात बोलायला लागले, की मुलाला बरोबर कळतं विषय आपलाच आहे. (कमी ऐकू येणाऱ्यालाही कळतं, अनुभवाने सांगते.)

आमची लेक मशीनसाठी स्वतः रंग निवडते. सध्या भडक जांभळा आहे. नगरच्या आजीला तो व्हिडिओ कॉलवर आधी दाखवायचा असतो, बाकी गप्पा नंतर. आजी आता विचारते, बॅटरी चार्ज केलीस का गं?

माझी प्रार्थना तिचे कान बरे व्हावेत अशी आजही असते. ती मी सोडलेली नाही. पण ती ऐकली जाईपर्यंत आयुष्य थांबवून ठेवायचं, हे मला पटत नाही.

तुमच्या घरी असं काही असेल आणि बोलायला कोणी नसेल, तर मेसेज करा. लाउटर्नमध्ये असाल तर घरीच या, चहा टाकते.